प्रतिज्ञेच्या वेळी घंटा नाही

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आणि त्याची कधी गरजही पडली नाही. भांडुपच्या टेकडीच्या पायथ्याशी आमची शाळा होती आणि शाळेच्या आवारात, पाण्याच्या टाकीला लागून, आमची खोली. वडील त्या शाळेत शिपाई. थोरल्या बहिणीचं लग्न झाल्यावर खोलीत आम्ही तिघंच उरलो. सकाळची पहिली घंटा झाली की आई स्टोव्हला पंप मारायची. दुसऱ्या घंटेला कुळथाचं पीठ पाण्यात कालवायची. मग मैदानावर राष्ट्रगीत व्हायचं, त्यामागून प्रतिज्ञा. मुलं प्रतिज्ञेच्या मध्यावर आली की पिठीला उकळी यायची आणि शेवटच्या वाक्याला आई पातेलं खाली उतरवायची. एखाद्या दिवशी मुलांनी घाईघाईत प्रतिज्ञा उरकली तर आई म्हणायची, "आज पिठी कच्चीच ऱ्हवली. काय झालां पोरांक, गाडी पकडूची होती?" आजही कुठल्या शाळेवरून जाताना प्रतिज्ञेचा आवाज कानावर पडला की मला आधी लसणीच्या फोडणीचा वास येतो, आणि देश वगैरे गोष्टी त्याच्या मागून येतात. हे लिहू की नको असं वाटत होतं, पण खरं आहे ते आहे.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. सगळी शाळाही त्यांना भाऊच म्हणायची, अगदी मुख्याध्यापिका मोठ्या बाईसुद्धा. हॉलच्या दाराबाहेर पितळेची जाड थाळी टांगलेली होती, तिच्यावर लाकडी हातोड्याने टोला द्यायचा, ही भाऊंची मुख्य नोकरी. बाकी कामं होतीच: नोटिसा वर्गावर्गांत फिरवायच्या, फळे पुसायचे, माठ भरायचे, शाळेची पत्रं कुठे कुठे पोचवायची. भाऊ गावाला चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या वेळी शाळेत प्रतिज्ञा नव्हती. इथे आल्यावर रोज ऐकून ऐकून ती त्यांना पाठ झाली आणि मग तेही म्हणायला लागले. थाळीखाली उभं राहायचं, हातोडा खिडकीत ठेवायचा, उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे करायचा आणि डोळे अर्धवट मिटून, मुलांच्या अर्धा शब्द मागे राहून म्हणायचं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षक त्या वेळी हजेरीपटावर रेघा मारत असत, ऑफिसातले कारकून चहा पीत असत. एकदा एका नव्या कारकुनाने घड्याळ दाखवून त्यांना ओरडून सांगितलं, "भाऊ, तासाची वेळ झाली, घंटा द्या!" भाऊ हललेसुद्धा नाहीत. प्रतिज्ञा संपल्यावर त्यांनी हातोडा उचलला, टोला दिला आणि कारकुनाजवळ जाऊन शांतपणे म्हणाले, "साहेब, प्रतिज्ञा चालू असताना घंटा नाही." असा नियम कुठल्याही वहीत लिहिलेला नव्हता, पण त्या दिवसापासून तो शाळेत लागू झाला.

रांगेत उभी असताना माझ्या मागच्या मुली खुसखुसायच्या. "तुझे भाऊ बघ, पहिलीत बसलेत." मी पुढे बघत राहायचे. तेव्हा मला फार काही वाटायचं नाही, कारण शाळेत सगळ्यांनाच ठाऊक होतं मी कुणाची मुलगी ते. जे काही वाटायला लागलं ते कॉलेजात गेल्यावर.

मुलुंडच्या कॉलेजचा फॉर्म मी आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून भरला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. नाव, पत्ता, टक्के झाले आणि 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्याशी पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग मी लिहिलं, 'शिक्षण क्षेत्रात नोकरी'. खोटं तर नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो फॉर्म घेऊन रांगेत उभे राहिले ते भाऊच. शाळेची पत्रं पोचवायची सवय होती, त्यात एक माझं. त्यांनी तो वाचला असेल असं माझ्या मनातही आलं नाही. ते एकेक अक्षर लावत वाचायचे, पण हातात आलेला प्रत्येक कागद वाचायचे, हे मला माहीत असायला हवं होतं.

कॉलेजात माझी मैत्री नीलिमाशी झाली. तिचं घर मुलुंडमध्येच, वडील बँकेत, आजोबा वकील. बोलायला फटकळ आणि मनाने साफ. माझ्या अर्धवट उत्तरांवरून तिने परस्पर ठरवून टाकलं की माझे वडील शिक्षक आहेत, आणि मी ते तसंच राहू दिलं. "तुझं बरं आहे यार," ती म्हणायची, "घरातच मास्तर!" मी हसायचे. राहायला कुठे, तर 'स्टेशनपासून जवळ'. वर्षभर तिला मी घरी बोलावलं नाही.

त्या वर्षी आमच्या कॉलेजने उपनगरातल्या कॉलेजांसाठी वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय होता, 'शाळेत विद्यार्थ्यांना रोज प्रतिज्ञा म्हणायला लावावी का?' प्रत्येक कॉलेजचे दोघे, एक बाजूने, एक विरोधात. नीलिमाने माझं नाव मला न विचारताच देऊन टाकलं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिला बाजू मिळाली आणि मला विरोध. "झकास!" ती म्हणाली. "तू मास्तरांची मुलगी असून विरोधात बोलणार. परीक्षक गार!"

मी चार माणसांसमोर बोलायची म्हटलं की घशाला कोरड पडणारी मुलगी. पण तयारी मनापासून करणं एवढं मला येत होतं. मुद्दा ठरवला तो असा, की मुलं अर्थ न कळता पोपटासारखी म्हणतात, मग त्या म्हणण्याला अर्थ काय? आणि पुरावा म्हणून एक शब्द निवडला. परंपरांचा 'पाईक' होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी, असं आपण सगळे दहा वर्षं म्हणतो. पाईक म्हणजे काय? मी विचारत सुटले. शेजारच्या चाळीतली नववीतली मुलगी म्हणाली, "पाईक म्हणजे पायीक. पायी चालतो तो." तिचा भाऊ म्हणाला, "हट्, ते 'बाईक' आहे, छापताना चूक झालीय." वाण्याच्या दुकानातले काका म्हणाले, "नाईक असतात ना, त्यांच्यातलेच." आमच्या वर्गातल्या एकाने तर शपथेवर सांगितलं की तो शब्द 'लायक' आहे. आईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माका काय विचारतंस? तुझ्या भाऊंक विचार, ते रोज म्हणतत." भाऊंना मात्र मी विचारलं नाही. का नाही, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग कॉलेजच्या वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश काढला. पाईक. पायदळातला शिपाई. हुकूम किंवा निरोप पायी पोचवणारा. इमानी सेवक. मी ते पुन्हा वाचलं. बोट त्या ओळीवरून हलेना. पायी निरोप पोचवणारा, इमानी, शिपाई. सातशे मुलं रोज सकाळी हात पुढे करून जे व्हायची लायकी मागतात, ते होऊन बसलेला माणूस त्यांच्या पाठीमागे थाळीखाली उभा असतो, आणि त्याच्या मुलीने ते फॉर्मवर लिहिलेलं नाही. मी शब्दकोश मिटला. भाषणात मी फक्त एवढंच लिहिलं, की या शब्दाचा अर्थ फारसा कुणालाच माहीत नसतो. अर्थ काय ते लिहिलं नाही.

स्पर्धेला चार दिवस उरले असताना स्पर्धेचं बघणाऱ्या आमच्या सरांनी सांगितलं की कॉलेजच्या हॉलचं छत दुरुस्तीला काढलंय, म्हणून स्पर्धा भांडुपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होईल. तिथल्या मोठ्या बाई त्यांच्या ओळखीच्या आहेत. नीलिमा ओरडली, "भांडुप! म्हणजे तुझ्या घराजवळच ना गं?" मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते तिला कळलं नसावं.

आदल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. सुकटीची चटणी, भात, पिठी. भाऊंनी ताटातला भात कालवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या तुमची ती स्पर्धा आमच्या हॉलात. खुर्च्यो मांडूचे आसत. टायमाची घंटापण माकाच देवची आसा."

"हो," मी म्हटलं.

"तू काळजी करू नको गो. मी तुका ओळख दाखवचंय नाय."

आई घास हातात धरून थांबली. "म्हंजे? पोटच्या पोरीक ओळख दाखवचे नाय? कित्याक?"

"तू गप जेव," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा भात कालवायला लागले. त्यांनी फॉर्म वाचला होता. वर्षभर ते मनात ठेवून माझ्यासाठी रोज कोमट पाण्याचा तांब्या भरत होते, कारण मला घसा धरण्याचा त्रास होता. बोलायला हवं होतं, पण मी बोलले नाही. आणि त्या न बोलण्याची मला आजही लाज वाटते, फॉर्मपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. कॉलेजांची मुलं पुढे, मागे आमच्या शाळेचे दहावीचे वर्ग मुद्दाम आणून बसवलेले. मंचावर मोठ्या बाई आणि दोन परीक्षक. पाच मिनिटं वेळ. चार मिनिटांना एक टोला, पाचला दोन. सर घड्याळ बघून हाताने खूण करणार आणि दारातले भाऊ थाळीवर टोला देणार. वेळ ओलांडली की दर अर्ध्या मिनिटाला गुण कापणार. भाऊ धुतलेल्या खाकी कपड्यांत होते. आमच्या समोरून दोनदा गेले, नजर जमिनीवर ठेवून.

"ओ शिपाई," नीलिमाने हाक मारली, "जरा पंखा मोठा करा ना, वाट लागलीय इथे."

"करतो ताई."

पंखा झाला. मग ते पाण्याचा ट्रे घेऊन आले. सगळ्यांना शाळेचे स्टीलचे ग्लास. माझ्यासमोर ठेवला तो आमच्या घरचा पितळी पेला, झाकण घातलेला. नीलिमाने झाकण उचलून हात लावला. "अगं, तुलाच कोमट पाणी? हे काका तुझ्या ओळखीचे आहेत का?"

मी उत्तर देणार तोच तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठून गेली. ती छानच बोलली. पाच मिनिटं होताच भाऊंनी दोन टोले दिले आणि ती वाक्य अर्धं टाकून खाली उतरली. तिच्या मागून मी. माईकसमोर उभी राहिले. पाठ केलेलं सुरू केलं. पोपटपंची. नववीतली मुलगी. 'बाईक'वर हॉल हसला, आणि हसला म्हणून मला थोडा धीर आला. पुढचं वाक्य होतं, 'अशा या शब्दाचा अर्थ कुणालाच माहीत नाही.' ते मी म्हटलं आणि थांबले. दारात भाऊ उभे होते. हातोडा हातात, नजर जमिनीवर. ओळख न दाखवण्याचं काम ते नेहमीच्या कामासारखं चोख करत होते.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. हे लिहिलेलं नव्हतं. आवाज कापत होता. "पाईक म्हणजे शिपाई. निरोप पोचवणारा, इमानी शिपाई. मी शब्दकोशात बघितलं. मी याच शाळेची विद्यार्थिनी होते. दहा वर्षं मला ही प्रतिज्ञा रोज म्हणायला लावली, आणि दहा वर्षं म्हणून मी काय शिकले ते सांगते. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय शिपाई असं लिहायची मला लाज वाटली. मी दुसरंच काहीतरी लिहिलं. सक्तीने म्हटलेल्या प्रतिज्ञेचा हा एवढा उपयोग झाला."

एक टोला पडला. चार मिनिटं. तो टोला नेहमीपेक्षा हलका होता.

"या शाळेत प्रतिज्ञेची सक्ती नसलेला एक माणूस आहे. तो रोज ती म्हणतो. त्याला कुणी रांगेत उभं केलं नाही, म्हटली नाही म्हणून कुणी कधी छडी मारली नसती. तो आपणहून हात पुढे करतो. म्हणून मी म्हणते, मुलांना म्हणायला लावू नका. अर्थ सांगा, आणि मग वाट बघा. ज्याला म्हणावीशी वाटेल तो म्हणेल. तो माणूस आत्ता त्या दारात उभा आहे. तो मला ओळख दाखवत नाहीये, कारण मला खाली मान घालावी लागू नये असं त्याला वाटतं. ते माझे वडील आहेत." मला वाटतं इथे मी रडत होते, पण आवाज मात्र पहिल्यांदाच कापेनासा झाला. "आज मला प्रतिज्ञा म्हणायला कुणी सांगितलेलं नाही. तरी मी म्हणणार आहे."

आणि मी उजवा हात पुढे केला. 'भारत माझा देश आहे' म्हटलं आणि मागच्या दहावीच्या रांगा उभ्या राहिल्या. ती नुसती सवय होती की आणखी काही, मला आजही ठरवता येत नाही. माझ्या विरोधी मुद्द्याच्या दृष्टीने ते अडचणीचंच होतं. पण मुलं हळू म्हणत होती, एकेक शब्द सुटा, आणि 'पाईक' या शब्दाशी आल्यावर सगळा हॉल एवढ्या मोठ्याने म्हणाला की पंख्यावरची चिमणी उडाली. सर घड्याळ बघत खूण करत होते. मग दोन्ही हातांनी करायला लागले. टोला काही पडेना.

मी खाली आले तशी पवईकडच्या एका कॉलेजचा मुलगा उठून उभा राहिला. "सर, हरकत आहे! यांनी दीड मिनिट जास्त घेतलं. आणि घंटा तर झालीच नाही. वडीलच घंटेवर, म्हणजे काय!"

हरकत चुकीची नव्हती. परीक्षकांपैकी वयस्कर बाईंनी चष्मा काढला आणि दाराकडे वळून विचारलं, "काय हो, सरांनी खूण केलेली दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली बाई."

"मग घंटा का नाही दिली?"

भाऊ दारातून दोन पावलं आत आले. हातोडा त्यांनी खिडकीत ठेवलेला होता, रोजच्या जागी. उजवा हात अजून पुरता खाली आलेला नव्हता. "बाई," ते म्हणाले, "प्रतिज्ञा चालू असताना घंटा नाही."

आधी हसल्या त्या मोठ्या बाई. "खरं आहे," त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेचा नियमच आहे तो." मग दहावीच्या मुलांनी बाक बडवायला सुरुवात केली आणि ते पाच मिनिटं थांबलं नाही. परीक्षकांनी निर्णय दिला की स्पर्धा ज्या शाळेत, तिथला नियम पाळायला हवा. घंटा झाली नाही तोवर वेळ संपली असं धरता येणार नाही. पहिलं बक्षीस आमच्या कॉलेजला मिळालं, आणि हरकत घेणारा तो मुलगा सगळ्यांत आधी येऊन माझ्याशी हात मिळवून गेला.

नीलिमाने मला दंडाला धरून दाराशी ओढत नेलं. मग म्हणाली, "वर्षभर, यार! वर्षभर मला मास्तर मास्तर म्हणून दिलंस!" आणि लगेच भाऊंकडे वळून कमरेवर हात ठेवून, "आणि काका, माझी घंटा मात्र बरोबर वेळेवर वाजवलीत हां!"

"तू प्रतिज्ञा म्हटली नाहीस ताई," भाऊ म्हणाले.

त्या दुपारी ती पहिल्यांदा आमच्या खोलीत जेवली. पिठी-भात दोनदा मागून घेतला. आईने बक्षिसाचा चषक फडताळात ठेवायच्या आधी आत बघितलं आणि म्हणाली, "यात डाळ भिजत घालूक येयत." भाऊ कधी नव्हे ते खूप बोलत होते. "म्हंजे पाईक म्हणजे शिपाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "दहा वर्सां ही पोरां हात पुढे करून शिपायाची नोकरी मागतत. आणि माका कोणी सांगूक नाय! मी ती कधीच घेवन बसलंय." आणि मांडीवर थाप मारून एवढे हसले की ठसका लागला. त्यांच्यासमोर मी माझाच पितळी पेला सरकवला.

मोठ्या बाईंनी पुढच्या सोमवारपासून एक केलं. फळ्यावर रोज प्रतिज्ञेतला एक शब्द लिहायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. सुरुवात कुठल्या शब्दापासून झाली ते सांगायला नको. तो शब्द फळ्यावर भाऊंनी लिहिला, जाड, सावकाश अक्षरात, आणि त्या दिवशी प्रतिज्ञा त्यांनीच माईकवरून सांगितली. सातशे मुलं त्यांच्या मागून म्हणत होती. जन्मभर मुलांच्या अर्धा शब्द मागे राहिलेला माणूस त्या दिवशी अर्धा शब्द पुढे होता. आईची पिठी उतू गेली, कारण ती दाराशी येऊन उभी होती.

मला अजून कुणी कुणी विचारतं, शाळेत प्रतिज्ञा म्हणायला लावावी का? मी चाचरते. दोन्ही बाजू मला पटतात, आणि बक्षीस मिळालेल्या बाजूलाच धरून राहावं असंही वाटत नाही. मग मी त्यांना पुढच्या जूनमधली गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म मी त्याच उंबऱ्यावर बसून भरला, या वेळी पेन कुठल्याच रकान्याशी थांबलं नाही, आणि घडी घालून भाऊंच्या हातात दिला. ते तो घेऊन मुलुंडला गेले, रांगेत उभे राहिले, भरून परत आले. चप्पल काढली, टोपी खुंटीला अडकवली, पाणी प्यायले. मी काहीतरी वाचत असल्याचं सोंग करत होते.

"यंदा," भाऊ म्हणाले, "अक्षर बरां इलां हां तुझां."